गळती हुंगणारा ढब्बू

साहेब, खोटं तुम्ही बोललात. कुत्रा खरं बोलला. नाक तुम्हा दोघांनाही आहे. त्याने ते कामासाठी वापरलं, तुम्ही चष्मा टेकवण्यासाठी.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. नाव लिहिलं की तुमची बदली होईल, आणि बदली ही तुम्हाला शिक्षा नसते, पुढच्या भागातल्या माणसांना असते. तुम्ही कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. पाणीपुरवठा खात्यात बसून धायरीतल्या एका सोसायटीच्या अर्जावर हिरव्या शाईने "गळतीची नेमकी जागा अर्जदाराने दाखवावी, म्हणजे खोदाईचा विचार करता येईल" असं लिहिणारे तुम्हीच. जमिनीखाली चार फुटांवर फुटलेला पाइप अर्जदाराने दाखवायचा! उद्या दवाखान्यात गेलं तर डॉक्टर म्हणतील, मूतखडा काढून आणा, मग बघू काय करायचं ते.

आता कोणीही शहाणा माणूस असा शेरा वाचून कागदाची होडी करतो. दत्तप्रसादने तो मनावर घेतला. तिथून पुढचं सगळं झालं.

दत्तप्रसाद मार्केट यार्डात हिंग-मसाल्याच्या घाऊक पेढीवर सत्तावीस वर्षं कामाला. आलेला माल उतरवून घ्यायचा, पोत्यावर, डब्यावर चिठ्ठी चिकटवायची, चिठ्ठीवर नाव लिहायचं. हे काम तो इतक्या निष्ठेने करी की घरीसुद्धा मिठाच्या बरणीवर 'मीठ' आणि फडताळावर 'फडताळ' असं लिहिलेलं होतं. त्याची बायको शैला म्हणायची, "अहो, माझ्या कपाळावर तेवढं 'बायको' लिहून चिकटवा. म्हणजे काही शोधायला नको."

ही शैला एप्रिलातल्या एका सोमवारी घर सोडून गेली. कारण दुसरंतिसरं काही नाही, पाणी. चौथ्या मजल्यावर दिवसाआड चाळीस मिनिटं करंगळीएवढी धार यायची. त्या सोमवारी तिने केसांना शिकेकाई लावली आणि सतराव्या मिनिटाला धार बंद झाली. टँकर दुपारी येणार, टँकरवाल्याचा फोन बंद. शैलाने डोक्याला पंचा गुंडाळला, पिशवी भरली आणि बहिणीकडे, विश्रांतवाडीला कल्याणीकडे निघाली. दारात थांबून एवढंच बोलली, "नळाला पाणी आलं की फोन करा. टँकरचं नव्हे. नळाचं."

तीस वर्षांच्या संसारात तिने भांडणं पुष्कळ केली होती, पण पंचा गुंडाळून कधी गेली नव्हती. दत्तप्रसाद हादरला. त्याच आठवड्यात त्याने अर्ज केला आणि वरचा तो हिरवा शेरा हातात घेऊन जिना चढत असताना त्याला तिसऱ्या मजल्यावरची शेफाली भेटली. शेफाली आयटीत, अर्धा आठवडा घरून काम, घरात काचेची मोठी टाकी आणि टाकीत नऊ मासे.

"काका, फॉरेनमध्ये हे काम डॉग्ज करतात," ती म्हणाली. "सीरियसली. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं ना, त्याचा स्मेल त्यांना जमिनीखालून येतो. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं. सो डॉग जिथे बसेल तिथे लीक. तुम्हाला व्हिडिओ पाठवते. इतका क्यूट आहे ना तो लॅब्रेडोर!"

सोसायटीकडे लॅब्रेडोर नव्हता. ढब्बू होता. फाटकाजवळ पडून असलेला, रंगाने विटकरी, पोटाने ढब्बू मिरची. त्याला तोवर एकच वास ओळखता येत होता, मटणाचा. पण त्यात तो एवढा तरबेज की श्रावणात कोणाच्या पिशवीत काय आहे हे तो पिशवीमागे चौथ्या मजल्यापर्यंत चालत जाऊन जाहीर करी. त्यामुळे दोन प्रतिष्ठित घरांनी त्याला हाकलण्याचा ठराव दरवर्षी मांडला होता. ज्याला एक वास येतो त्याला दुसरा शिकवता येईल, असा दत्तप्रसादचा हिशेब. तत्त्व चुकीचं नव्हतं. माणसाच्या बाबतीतच ते लागू पडत नाही.

कुत्रा शिकवायचा म्हटल्यावर तळमजल्यावरचे बापूराव पुढे आले. बापूराव पोलीस खात्यातून निवृत्त झालेले, आणि बावीस वर्षं श्वान पथकात. ते 'कुत्रा' हा शब्द वापरतच नसत. श्वान. श्वानाचं मानसशास्त्र, श्वानाचा आहार, श्वानाची नजर. त्यांनी त्या बावीस वर्षांत श्वान पथकाची गाडी चालवली, हे मात्र पुष्कळ उशिरा कळलं.

"दत्तोपंत, एक लक्षात ठेवा," बापूराव बोट वर करून म्हणाले. "श्वान कधी खोटं बोलत नाही. माणूस साक्ष फिरवतो, श्वान फिरवत नाही."

"पण सुरुवात कशी करायची?"

"सहा डब्या घ्यायच्या. एकीत माल. त्या डबीपाशी श्वान थांबला की खाऊ द्यायचा. बास. मी शेकडो वेळा पाहिलंय." हे खरं होतं. गाडीच्या आरशातून पाहिलं होतं.

शैलाच्या स्टीलच्या डब्यांना हात लावण्याची दत्तप्रसादची प्राज्ञा नव्हती. ती विश्रांतवाडीत असली म्हणून काय झालं? त्याने पेढीवरून सहा रिकाम्या प्लास्टिकच्या डब्या आणल्या. पाचांत बोअरचं पाणी, एकीत नळाचं. गोंधळ नको म्हणून नळाच्या डबीवर त्याने सुवाच्य अक्षरात 'नळाचे पाणी' अशी चिठ्ठी चिकटवली, आणि पुढचे वीस दिवस नळाचं पाणी त्याच डबीत भरलं. बक्षीस म्हणून खारी. ढब्बूने खारीसाठी जीव टाकला. आठव्या दिवशी तो बरोबर डबीसमोर बसायला लागला, पंधराव्या दिवशी डोळे मिटून बसायला लागला. दत्तप्रसादचा ऊर भरून आला. त्याने ढब्बूच्या गळ्यातल्या पट्ट्याला चिठ्ठी लावली, 'प्रशिक्षित'.

सोसायटीने सल्ल्यांचा पाऊस पाडला, तोही दिवसाआड नाही, रोज. कोणी म्हणालं खारीने पित्त होतं. कोणी म्हणालं, काळा दोरा बांधा. एका गृहस्थांनी विचारलं, "याला पाण्याचा वास येतो, मग दुधातल्या पाण्याचा येईल का?" आणि दूधवाला दुसऱ्या दिवसापासून मागच्या फाटकाने यायला लागला.

रविवारी सकाळी दहाला प्रात्यक्षिक ठरलं. सत्तर माणसं जमली. ढब्बू फाटकापासून निघाला, रस्त्याच्या कडेने हुंगत गेला, वळला, आवारात परत आला आणि बापूरावांच्या अंगणात, त्यांनी परस्पर बसवलेल्या नव्या फरश्यांवर, शांतपणे बसला. डोळे मिटून.

"छे," बापूराव म्हणाले. "इथे काही नाही."

"श्वान कधी खोटं बोलत नाही," दत्तप्रसाद म्हणाला.

"अहो, ते गुन्हेगारांच्या बाबतीत! मी इथे चाळीस हजारांच्या फरश्या टाकल्यात!"

"म्हणजे गळती दाबून ठेवली तुम्ही. वरून फरश्या टाकून. आणि आम्ही चौथ्या मजल्यावर बोंबलतोय."

सत्तर माणसांसमोर बापूरावांना मागे हटता येईना. सोसायटीचा रखवालदार गेनबा पहार घेऊन आला. गेनबा मूळ धायरीचा. ही सोसायटी जिथे उभी आहे तिथे त्याच्या बापाची वांगी होती. "साहेब, हितं काय नाय," असं तो पहिली फरशी काढताना म्हणाला, पण रखवालदाराचं कोण ऐकतं? साडेतीन फूट खणलं. माती कोरडी ठणठणीत. ढब्बू खड्ड्याकडे ढुंकून बघेना. तो बसला होता तो अंगणातल्या खिडकीकडे तोंड करून, आणि त्या खिडकीतून बापूरावांच्या सूनबाईंनी आमटीला दिलेल्या फोडणीचा घमघमाट येत होता.

शेफालीने ती 'नळाचे पाणी' डबी उचलली, झाकण उघडलं, नाकाशी नेली. "काका! हे काय आहे? धिस इज हिंग!"

"कुठे? मला तर काही वास येत नाही," दत्तप्रसाद म्हणाला.

येणार कुठून? सत्तावीस वर्षं हिंगाच्या गोदामात काढलेल्या माणसाला हिंगाचा वास येत नाही. पाच डब्या जिऱ्याच्या होत्या, सहावी हिंगाची. चिठ्ठी त्या सहावीवरच चिकटली आणि मग चिठ्ठीशी इमान राखून डबी कधी बदललीच नाही. ढब्बूने वीस दिवसांत पाण्याचा विचारही केला नव्हता. त्याला शिकवलं ते त्याने चोख शिकून दाखवलं. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचं असंच होतं, पण निदान त्यांच्या मास्तरांच्या पुढ्यात कोणी फरश्या उखडत नाही.

त्या दिवसापासून बापूराव दत्तप्रसादशी बोलायचे बंद झाले. व्हॉट्सअपवर कोणीतरी 'फोडणी पथक' असं लिहिलं आणि एकतीस जणांनी त्याला हसरा चेहरा दिला. दत्तप्रसादने ते एकतीस चेहरे मोजले. यार्डातसुद्धा बातमी पोचली. शेठ म्हणाले, "दत्ता, कुत्रा पेढीवर आण. भेसळ ओळखेल." आणि लगेच म्हणाले, "नको. आणू नकोस."

दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. पण घरी मिठाच्या बरणीतलं मीठसुद्धा संपलं होतं आणि बरणीवरची चिठ्ठी त्याच्याकडे टकमक बघत होती. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी शेफालीने सांगितलं तशी. सगळ्या बाटल्या काचेच्या, एकसारख्या, उकळून घेतलेल्या. दत्तप्रसादने त्यांना हात लावायचा नाही, कारण त्याच्या हातालाच हिंग. बाटल्या गच्चीवर गेनबा मांडणार. कुठल्या बाटलीत काय, हे दत्तप्रसादला कळू द्यायचं नाही, नाहीतर त्याचा चेहरा वाचून ढब्बू बसतो. रोज जागा बदलायची. आणि मधूनच एखादी हिंगाची बाटली ठेवायची. तिथे ढब्बू बसला तर खारी नाही. चिठ्ठी तर अजिबात नाही. हे शेवटचं दत्तप्रसादला सगळ्यात जड गेलं.

अडचण एकच उरली. क्लोरीन उडून जातं, म्हणून पाणी ताजं हवं. आणि मे महिना लागल्यावर ती करंगळीएवढी धारही करंगळीच्या नखावर आली. नळाच्या पाण्याची गळती शोधायला नळाचं पाणीच नाही! ते शहरात जिथे आहे तिथून आणायला हवं. म्हणजे विश्रांतवाडी.

दोन बस बदलून तो कल्याणीच्या दारात उभा राहिला. दार शैलाने उघडलं. केस धुतलेले, मोकळे, वाळत घातलेले. आत मोरीत नळ चालू, बादली भरून वाहत होती आणि ते कोणाला काही वाटतही नव्हतं. पाच आठवड्यांनी तिने नवऱ्याला पाहिलं. चेहरा जरासा निवळला.

"आलात? बसा. पाणी आलं का?"

"नाही," दत्तप्रसाद म्हणाला आणि पिशवी उघडून आतल्या दोन रिकाम्या बाटल्या दाखवल्या. "दोन बाटल्या पाणी हवं होतं. काठोकाठ भर, हवा राहता कामा नये. आणि माझ्या हातात देऊ नकोस, पिशवीतच ठेव."

"कशाला?"

"कुत्र्याला."

शैलाने मोकळ्या केसांची गाठ मारली. मग म्हणाली, "बायकोला न्यायला नाही आलात. कुत्र्याला पाणी न्यायला आलात."

"अगं, त्या पाण्यानेच तर तुला..."

"कल्याणी, या गृहस्थांना दोन बाटल्या पाणी दे. यांच्याकडे कुत्रा आलाय."

पण बाटल्या तिने स्वतःच भरल्या, काठोकाठ, आणि वरून फडक्याने पुसल्या. अशा तेरा खेपा झाल्या. नवव्या खेपेला तिने विचारलं, "कितपत शिकलाय तो?" अकराव्या खेपेला ढब्बूसाठी कल्याणीकडची खारी दिली. तेराव्या खेपेला दारातच म्हणाली, "एवढी खटपट लग्नात माझ्या भावाच्या मानपानासाठी केली असतीत तर तोही आज बोलला असता तुमच्याशी." यात दत्तप्रसादला बरंच काही मिळालं. तो परतीच्या बसमध्ये उभ्याने आला, पण त्याला ते जाणवलं नाही.

जूनच्या पहिल्या शनिवारी सकाळी, कोणालाही न बोलावता, फक्त शेफाली आणि गेनबाला बरोबर घेऊन दत्तप्रसाद ढब्बूला फाटकाबाहेर घेऊन गेला. बापूरावांच्या खिडकीतून पुन्हा फोडणीचा वास आला. ढब्बू क्षणभर घुटमळला. ढब्बूने एक शिंक दिली आणि पुढे गेला. साठ पावलं. नव्या सिमेंटच्या रस्त्यावर, उद्घाटनाच्या फलकाच्या बरोबर खाली तो बसला. त्याला उठवून पुन्हा दुसऱ्या बाजूने आणलं. तिथेच बसला. तिसऱ्यांदा आणलं. तिथेच.

गेनबा शांतपणे म्हणाला, "व्हय. हितंच हाय. काँक्रीट टाकायच्या आधीपासनं हितं वली जमीन हाय. उन्हाळ्यात म्हशी बसायच्या."

"गेनबा! मग एवढे दिवस बोलला का नाहीस?"

"मला कुनी इचारलं? मला फकस्त गाडी कुठं लावू ते इचारत्यात."

शेजारच्या पावसाळी गटाराचं झाकण गेनबाने पहारीने उचललं. पाऊस अजून पडला नव्हता, आणि आत स्वच्छ नितळ पाणी झुळुझुळु वाहत होतं. शेफालीने घरून माशांच्या टाकीचं पाणी तपासायचं औषध आणलं होतं. क्लोरीन असलं की पिवळं होतं. काचेच्या नळीत गटाराचं पाणी घेऊन दोन थेंब टाकले. पिवळंजर्द झालं. दत्तप्रसादने त्या नळीकडे असं पाहिलं जसं लोक नातवाकडे बघतात.

सोमवारी तो तुमच्यासमोर उभा राहिला, साहेब. पिवळी नळी, नकाशा, तीन फोटो. एकात ढब्बू. आठवतं?

तुम्ही म्हणालात, "श्वानाकडे प्रमाणपत्र आहे का?"

तो म्हणाला, "पाणी पिवळं झालंय, साहेब."

तुम्ही म्हणालात, "पिवळं आहे, पण कितपत पिवळं आहे?"

तो म्हणाला, "तुम्ही जागा दाखवा म्हणालात. जागा दाखवली."

तुम्ही म्हणालात, "रस्ता नवीन आहे. तीन वर्षं खोदता येत नाही. आधी का नाही दाखवलीत?" आणि मग चष्मा काढून, पुसून, पुन्हा नाकावर टेकवून तुम्ही तो सुप्रसिद्ध कागद दिलात: सदर ठिकाणी समक्ष पाहणी केली असता कोणतीही गळती आढळून आली नाही. समक्ष! तुम्ही धायरीला आला होतात? कोणत्या वाहनाने? तुम्हाला ढब्बूने पाहिलं नाही, गेनबाने पाहिलं नाही. सोबत दुसरा कागद, की विनापरवाना श्वान बाळगल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा. म्हणजे गळती दिसली नाही, पण कुत्रा दिसला.

दत्तप्रसाद भांडला नाही. पुढचे अकरा दिवस, यार्डात जाण्याआधी, रोज सकाळी तो तुमच्या कचेरीच्या दारात बाटलीभर गटाराचं पाणी ठेवून यायचा. आणि आता त्यावर चिठ्ठी असायची. 'नळाचे पाणी. आजचे. फुकट वाहिलेले.' बाराव्या दिवशी त्याच्याबरोबर बापूराव गेले. न बोलता गेले, पण गेले. त्यांच्या अंगणातला खड्डा अजून तसाच होता. निदान एका खड्ड्याचं तरी सार्थक व्हावं, एवढीच त्यांची इच्छा.

आणि मग तुम्ही कारवाई केलीत, हे मान्य केलं पाहिजे. काल सकाळी तुमची गाडी आली. चार माणसं उतरली. सगळी सोसायटी गॅलरीत. दत्तप्रसादने इस्त्रीचा शर्ट घातला होता. माणसांनी रस्ता खोदला नाही. ती चौकापर्यंत चालत गेली, तिथलं झाकण उघडलं, लांब दांड्याच्या चावीने व्हॉल्व्ह फिरवला, फिरवला, शेवटपर्यंत फिरवला, झाकण लावलं आणि गाडीत बसून निघून गेली. दहा मिनिटांत गटारातलं पाणी थांबलं. ढब्बू त्या जागी गेला, हुंगलं, इकडेतिकडे पाहिलं आणि परत आला. तिथे बसण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं. पाइपात पाणीच नाही, तर गळेल काय? दिवसाआडची ती नखाएवढी धारही गेली. वाहवा, साहेब! ताप उतरत नाही म्हणून रोगीच थंड करणारा वैद्य आम्ही आजवर ऐकून होतो, आता पाहिला.

एवढ्यावर राहिलं असतं तर दत्तप्रसाद पुन्हा नवा अर्ज लिहायला बसला असता. पण तुम्ही काम पूर्ण करणारे. फ्लॅट शैलाच्या नावावर, त्यामुळे तक्रारीवर मोबाइल नंबर तिचा. आज दुपारी तुमच्या यंत्राने तिला संदेश पाठवला: 'आपल्या भागातील गळती पूर्णपणे थांबविण्यात आली आहे. तक्रार निकाली. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.'

तिचा फोन आला तेव्हा दत्तप्रसाद रिकाम्या पिंपाशेजारी उभा होता.

"अहो, केलंत की हो तुम्ही!" तीस वर्षांत तिने हा आवाज दोनदा लावला असेल. "मी रिक्षात बसलेसुद्धा. त्या ढब्बूला सांगा, मी येतेय. कल्याणीने खारी दिलीय. आणि ऐका, बंब भरून ठेवा. आल्या आल्या केसांवरून घेणार आहे मी, आपल्या घरच्या नळाखाली. हॅलो? ऐकू येतंय ना?"

त्याने "हो" म्हटलं. काय म्हणणार होता दुसरं? फोन बंद झाल्यावर त्याने मोरीतला नळ सोडून बघितला. नळातून हवा आली. थोडी शिट्टी वाजली. मग तीही थांबली.

रिक्षा एव्हाना आनंदनगर ओलांडून पुढे आली असेल. सिंहगड रस्त्यावर गर्दी आहे, म्हणून अजून वीसेक मिनिटं मिळतील. तेवढ्यात ती बाई चार जिने चढून वर येईल, पिशवी ठेवेल, पदर खोचेल आणि नळाखाली बादली लावेल. साहेब, तुमच्याकडे वीस मिनिटं आहेत. हिरवी शाई आहे. त्या बाईला दत्तप्रसादने काय सांगायचं? लिहून द्या.